दोन हुकांमधली जागा

"अंकल, युवर फ्रेंड... ही नेव्हर वेक अप."

फोनवर मिलिंदची घरमालकीण होती. वयस्कर चिनी बाई, एरवी मोठ्या आवाजात बोलणारी. त्या सकाळी तिचा आवाज इतका बारीक होता की मी प्रथम ओळखलाच नाही. डॉक्टरला बोलावले का, असे मी विचारले. ती इथल्या ढंगात म्हणाली, "यू कम, लाह. यू जस्ट कम." शहराच्या पाया लेबार भागात माझा फ्लॅट आहे, त्याची भाड्याची खोली तिथून दोन वळणांवर होती. मी चालत गेलो. तो भिंतीकडे तोंड करून कुशीवर झोपलेला होता. झोपेतच हृदय बंद पडले, असे पुढे सांगण्यात आले. त्याने पन्नाशी गाठली नव्हती. मी सत्तरी ओलांडली आहे. आमच्या दोघांपैकी एकाला जायचेच होते, तर कोणी जायला हवे होते हे सांगण्यासाठी वैद्यकीय ज्ञानाची गरज नाही.

ही गोष्ट जूनमधली. जुलैत आम्ही दोघे ब्राझीलला जाणार होतो.

मिलिंद मूळचा नागपूरजवळच्या एका खेड्यातला. आई दुसऱ्यांच्या शेतांवर मजुरीला जाई. वडील लवकर गेले. शिष्यवृत्त्यांवर शिकून त्याने पाणी शुद्ध करण्याच्या शास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि तो इथल्या एका संशोधन संस्थेत आला. लग्न केले नाही. मी पुण्याचा, पेशाने बांधकाम अभियंता, या शहरात बरीच वर्षे काढून निवृत्त झालेला. माझ्या पत्नीला तो एका मराठी स्नेहमेळाव्यात भेटला आणि तिने त्याला दर रविवारी जेवायला यायचे फर्मान सोडले. पत्नी गेल्यावर हा परिपाठ बंद पडेल असे मी धरून चाललो होतो. पुढच्या रविवारी दार वाजले. हातात भाजीची पिशवी घेऊन तो उभा होता. "काका, आजपासून स्वयंपाक माझ्याकडं. तिखट चालेल नं?" मी म्हणालो, चालणार नाही. त्याने तिखटच केले.

ब्राझीलचा विषय त्याच काळात निघाला. माझ्याबरोबर तो दुखवट्याचे बोलला नाही. त्याऐवजी त्याने एक मोठा नकाशा आणून जेवणाच्या टेबलावर पसरला. साओ पावलोला उतरायचे, तिथून बसने रिओ, बसने साल्वादोर, बसनेच बेलेम, मग बोटीने अॅमेझॉन नदीतून वर मनाऊसपर्यंत. एवढ्या अफाट देशात विमानाने उड्या मारणे हा श्रीमंतांचा प्रकार. आपण जमिनीवरून आणि पाण्यावरून जायचे, असे त्याचे म्हणणे होते. लांब पल्ल्याच्या बसमध्ये रात्र काढली की हॉटेलची खोली वाचते. दुपारी जिथे ताटाचे वजन करून पैसे घेतात अशा खानावळीत जेवायचे. "आणि तुमच्या शाकाहाराची चिंता सोडा. तिथला माणूस रोज भात आणि काळ्या घेवड्याची उसळ खातो. तुमचंच राज्य आहे तिकडं." मी विचारले, इतक्या लांब उसळ खायला का जायचे? तो हसला. मग नकाशावर मनाऊसपाशी बोट ठेवून म्हणाला, इथे दोन नद्या एकत्र येतात, एक काळी आणि एक मातकट, आणि कित्येक मैल एकाच पात्रातून न मिसळता वाहतात. बोटीतून हात घातला तर एक गार लागते, एक कोमट. "आमच्या गावात काका, विहिरी दोन होत्या आणि पाणी एक. इथं नदी एक आहे आणि पाणी दोन. मला हात घालून बघायचाय..."

  त्या रविवारनंतर नकाशा टेबलावरून हलला नाही आणि आम्ही जेवणाची ताटे गुडघ्यावर घेऊ लागलो.

बोटीवरच्या खोल्या महाग असतात. बहुतेक प्रवासी आपापली झोळी घेऊन येतात, छताखालच्या दांड्यांना बांधतात आणि मनाऊस येईपर्यंत तिच्यातच राहतात, डाव्या-उजव्या माणसाचे कोपर लागेल इतक्या दाटीत. आपल्याला झोळीत झोपण्याचा सराव केला पाहिजे, असे मिलिंदने ठरवले. त्याच्या खोलीत भिंतीला खिळा ठोकायचीही परवानगी नव्हती. म्हणून प्रयोग माझ्या हॉलमध्ये. लिटिल इंडियातल्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातून त्याने जाड सुती कापड आणले, शिंप्याकडून कडा दुमडून घेतल्या. मी समोरासमोरच्या दोन काँक्रीटच्या भिंतींत पोलादी हुक बसवले. रविवारी ड्रिल चालवायला मनाई असते, म्हणून शनिवारी. त्या हुकांना चार माणसे लटकली असती तरी काही झाले नसते. झोळी मात्र त्याने बांधली आणि घोटाळा केला. शेताच्या बांधावर बाभळीला तान्ह्या मुलाची झोळी बांधतात, तशी त्याने ती बांधली: दोन्ही टोके जवळ ओढलेली, पोट खोल. त्याला दुसरी झोळी ठाऊकच नव्हती. तो आत बसला आणि गुडघे नाकाला लागून मिटला.

"काका... काढा."

"हे मूल किती महिन्यांचे?" मी विचारले.

"काढा नं बाप्पा आधी! मग मोजा."

मी त्याला ओढून बाहेर काढले. मग दोर आखूड करायला लावला, कापड किती ढिले हवे ते समजावले, आणि आत सरळ न झोपता तिरके झोपायचे हे सांगितले. तिरके झोपले की कापड ताणले जाते आणि पाठ सपाट राहते. हा साधा स्थितिशास्त्राचा भाग आहे. गाठ मात्र त्याने आपलीच ठेवली, आईकडून शिकलेली, एका हिसक्यात सुटणारी आणि वजनाने कधीही न सुटणारी. मी ती पुष्कळदा पाहिली. मला ती जमली नाही. त्यानंतर दर रविवारी जेवण झाले की तो झोळीत तिरका पडे आणि मी खुर्चीत. माझ्या पाठीची परीक्षा म्हणून त्याने मला दिवसभराच्या बसने शेजारच्या देशातल्या पेनांगलाही नेले. उतरताना म्हणाला, असे तीन प्रवास तिकडे एकामागोमाग आहेत. मी म्हणालो, "माझ्या पाठीला भूगोल कळत नाही." तरी मी गेलो असतो. हे त्याला माहीत होते.

अडचण एकच होती, रजेची. मिलिंदची रजा कधी मिलिंदची नसे. बहिणीचे लग्न, घराचा स्लॅब, भाचीचा कॉलेजप्रवेश, आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया... रजा मंजूर झाली की गावाकडे निघे. इथे पासवर, म्हणजे मुदतीच्या परवान्यावर, काम करणाऱ्या आपल्या बहुतेकांचे असेच असते. जग पाहायला घराबाहेर पडलेला माणूस आयुष्यभर एकच प्रवास करतो, जायचा आणि यायचा. ब्राझीलला एक-दोन आठवडे पुरणार नव्हते. म्हणून त्याने दोन वर्षे रजा घेतली नाही. वरिष्ठांकडून ती पुढे नेण्याची परवानगी मिळवली आणि साठवली. आईला सांगितले, कंपनी रजा देत नाही. हे त्याने मला झोळीत पडल्या पडल्या, छताकडे बघत सांगितले. खोटे कशाला, असे मी विचारले. बराच वेळ झोळी हलत राहिली. मग म्हणाला, "ब्राझील म्हटलं तर ती विचारेल, तिथं आपलं कोण आहे? मग मी काय सांगू?... एकदा जाऊन येतो काका. डिसेंबरात घरी जाईन, फोटो दाखवीन, तेव्हाच सांगीन सगळं."

मे महिन्यात आम्ही पिवळ्या तापाची लस टोचून घेतली. तिकडून परतणाऱ्याला तिच्या दाखल्याशिवाय इथे सरळ प्रवेश मिळत नाही. आमच्या दाखल्यावर दहा वर्षांची मुदत घातलेली होती. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तो दंड चोळत म्हणाला, "चला, दहा वर्षांची ददात मिटली." मी म्हणालो, माझ्यासाठी जरा जास्तच झाली. तो थांबला. "तुम्ही काही जात नाही, काका. तुम्हाला मीच पोचवणार आहे." हा विनोद होता, आणि त्या क्षणी मला तो आवडला होता.

त्याचा धाकटा भाऊ अशोक तिसऱ्या दिवशी आला. प्रथमच विमानात बसलेला, पायात नवे बूट, डोळ्यांत झोप नाही. देह गावी नेण्याचा विचार झाला आणि सोडून द्यावा लागला. आई आजारी होती. ती येऊ शकली नाही. मराठी मंडळींनी बुद्धवंदना म्हटली. विद्युतदाहिनीचे दार बंद झाले. सारे शिस्तीत, वेळेवर पार पडले. या शहरात सारेच तसे पार पडते. बाहेर मिलिंदच्या कचेरीतली एक मुलगी अशोकला भेटायला आली. रडत होती. त्याला बरे वाटावे म्हणूनच बोलली असेल. ही वॉज सो हॅपी, म्हणाली. दोन वर्षांची सगळी रजा त्याने ब्राझीलसाठी जपून ठेवली होती.

टॅक्सीत अशोक अस्थिकलश मांडीवर घेऊन बसला होता. त्याने विचारले, "काका, ब्राझील म्हणजे?"

"फिरायला. आम्ही दोघे जाणार होतो."

"म्हणजे रजा होती त्याच्यापाशी."

"होती."

"आई दोन वर्षं वाट पाहून राहिली..." त्याने कलशावरचे फडके नीट केले. "दर सणाला म्हणे, मालक लय कडक दिसते त्याचा. त्या मालकाले शिव्या देई ती." मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मी तिले काय सांगू?"

मी टॅक्सीवाल्याला माझ्या घराचे वळण दाखवले.  

घरी आल्यावर तो हॉलच्या दारातच थबकला. झोळी रविवारपासून तशीच टांगलेली होती. "ही कोणाची?" मी म्हणालो, त्याचीच, रविवारी तो हिच्यात झोपत असे. अशोकने कापडावरून हात फिरवला, टोकाशी गेला, गाठ पाहिली. बोटांनी चाचपली. मग त्याचा बांध फुटला. स्मशानात तो रडला नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. परत आलो तेव्हा त्याने दोन्ही गाठी सोडल्या होत्या, त्याच एका हिसक्यात, आणि झोळीची घडी घातली होती. "ही नेऊ का, काका? आईले सांगेन, सुट्टीच्या दिवशी हिच्यात निजे. ब्राझीलचं नाही सांगत." मी मान डोलावली.

जुलैतले ते विमान ठरल्या दिवशी गेले. त्यानंतर काही दिवसांनी नागपूरहून फोन आला. अशोकने तो आईच्या हाती दिला. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेले नाही. तिने नाव सांगितले नाही, माझी चौकशी केली नाही.

"साहेब, त्याले झोप येत होती नं तिथं?"

"येत होती."

"झोळी कोण बांधून देई?"

"तो स्वतःच बांधत असे."

"मीच शिकवली होती..." ती म्हणाली.  मग पुढे म्हणाली, "तुम्ही मोठे मानूस हाव. त्याच्या मालकाले विचारा एक डाव, काहून नाही देल्ली रजा." मी हो म्हणालो. मी कोणाला विचारणार आहे?

नकाशाची घडी घालून ठेवली आहे. जेवण आता टेबलावर होते. लसीचा दाखला खणात आहे आणि तो अजून पुष्कळ वर्षे चालेल. हुक काढायचे तर भिंत फोडावी लागेल. ते मीच बसवलेले आहेत, सहज निघणारे नाहीत. दोन भिंतींच्या मधे आता काही नाही. तरीही स्वयंपाकघरातून खुर्चीकडे येताना मी तिथून सरळ येत नाही. झोळी टांगलेली असताना जसा भिंतीच्या कडेने वळसा घालत असे, तसाच अजून घालतो. चहाचा कप हातात असला तर थोडा अधिक लांबून... कोणी झोपलेले असावे, धक्का लागू नये, असा.