बाबांच्या पाहुण्यांसाठी केलेलं कॉकटेल

मी जबलपूर सोडलं त्या दिवशी बाबा स्टेशनवर आले नाहीत. ते घरातच होते. पुढच्या खोलीत पेपर उघडून बसले होते. मी पाया पडायला वाकले तेव्हा त्यांनी पाय जरासे मागे घेतले. माझ्या धाकट्या भावानं, निखिलनं, बॅग ऑटोत ठेवली आणि आई माझ्याबरोबर बसली. स्टेशनवर गाडी हलायच्या आधी तिनं खिडकीतून पुऱ्यांचा डबा आत दिला आणि हळूच म्हणाली, "कोणी विचारलं तर हॉटेलात आहे, एवढंच सांगत जा. काय करून राहिली ते नको सांगू."

मी हो म्हटलं. पुण्यातल्या एका बारमध्ये मला ट्रेनी बारटेंडरची नोकरी लागली होती. हॉटेल मॅनेजमेंटच्या डिप्लोम्याला बाबांनी आनंदानं पाठवलं होतं. मुलगी पुढे काउंटरवर उभी राहून "वेलकम सर" म्हणेल असं त्यांना वाटलं असावं. काउंटर मिळालाच मला, फक्त तो बारचा होता.

तुमच्यापैकी जे जबलपूरलाच राहिले, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आणि माझ्यासारखे जे निघाले, ज्यांच्या कामाचं नाव घरात दबक्या आवाजात घेतलं जातं, त्यांच्यासाठीही. मला समजून घ्या असं म्हणणं नाही. राग आहे म्हणून लिहिते आहे.

आमच्या घरात दारू नव्हती, असं समजू नका. शनिवारी संध्याकाळी बाबांचे मित्र यायचे. आई शेंगदाणे तळायची, काकडी-टमाटर चिरायची, ट्रेमधला बर्फ सोडवून भांड्यात काढायची. मी ग्लास विसळायचे, सोड्याची बाटली थंड आहे की नाही ते बघायचे. ते हॉलमधून हाक मारायचे, "बेटा, थोडा बर्फ और." म्हणजे घरातल्या बायका दारूचं काम आधीपासून करतच होत्या. पुण्यात मी त्याच कामाचा पगार घ्यायला लागले, आणि तिथेच आमच्या खानदानाला डाग लागला.

पुण्याला जाताना आईला एकच समाधान होतं, की मुलगी आपल्या लोकांत चालली. आजोबा नोकरीसाठी अमरावतीकडून जबलपूरला आले आणि इथलेच झाले. आम्ही दाराच्या आत मराठी बोललो, दाराबाहेर हिंदी. शाळेत आम्ही कायम "वो मराठी लोग". आणि आपल्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, "तू यूपीची का गं?" झालं असं, की मी बारमागे उभी राहून म्हणाले होते, "बर्फ काहून संपला?" सगळे हसले. मग कितीतरी दिवस ऑर्डर देतानासुद्धा मला "काहून" म्हणायचे. मी "काहून" सोडलं. "करून राहिले" सोडलं. आता मी "का बरं" म्हणते, "करतेय" म्हणते, आणि जबलपूरला फोन लावला की निखिल हसतो, दीदी पुणेरी हो गई. दोन्हीकडून हसून घेतलं आहे मी.

पण काम मात्र जीव लावून शिकले. शेकर कधी थांबवायचा ते हाताला लागणाऱ्या गारव्यावरून ओळखायला शिकले. सगळ्यात आवडायला लागली ती क्रीम लिकर, म्हणजे साय, कॉफी आणि व्हिस्कीची ती दाट, गोड दारू. विकत मिळते तिच्यापेक्षा मी घरी करते ती मला चांगली वाटते. ताजं क्रीम, कंडेन्स्ड मिल्क, थंड झालेला कडक कॉफीचा अर्क, चमचाभर कोको, थोडा व्हॅनिला. आणि व्हिस्की अगदी शेवटी, बारीक धारेनं. मिक्सर जोरात फिरवला तर क्रीमचं लोणी होतं, म्हणून हातानं घोटायचं. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. मग त्यात फळाचा रस आणि बर्फ घालून शेक करायचं. फळ मात्र निवडून घ्यावं लागतं. आंबा चालतो, चिकू चालतो, सीताफळ तर फारच छान. आंबट फळ घातलं की सगळं फाटतं.

निखिल एकदा पुण्याला आला तेव्हा त्याला मी हे पाजलं होतं. त्यानं ते घरी सांगितलं असणार. कारण नागपूरच्या केतकीशी त्याची सोयरीक ठरली, आणि एक दिवस बाबांचा फोन आला. स्वतः त्यांचा. ते म्हणाले, नागपूरचे पाहुणे साखरपुड्याच्या आदल्या दिवशी येणार आहेत, केतकीच्या वडलांना अशा गोड विलायती गोष्टींचा शौक आहे. "तुझ्या हातचं ते क्रीमवालं बनवशील का?"

तुझ्या हातचं. या दोन शब्दांवर मी सुट्टी टाकली. शेकर, गाळणी, मापाचे कप बॅगेत भरले. गाडीत मी कल्पना करत होते की बाबा हॉलमध्ये सगळ्यांना सांगतील, आमच्या मुलीनं केलंय, हेच तिचं काम आहे. एवढी मोठी बाई झाले तरी ही कल्पना करत होते, याचाही आता राग येतो.

तुळशीचं लग्न नुकतंच झालं होतं. सीताफळं संपत आली होती, पण बड्या फुहाऱ्याच्या बाजारात एका गाडीवर चांगली पिकलेली मिळाली. आई आणि मी सकाळपासून स्वयंपाकघरात बसलो. मी क्रीम घोटत होते आणि आई सीताफळाचा गर चाळणीवर चोळून एकेक बी बाजूला करत होती. काम करता करता तिनं पहिल्यांदाच विचारलं, की तिथं उभं राहून पाय दुखत नाहीत का, रात्री खोलीवर कोण सोडतं, लोक वाईट बोलतात का. मी खरं खरं सांगितलं. कधी कधी बोलतात, आणि मग मी त्यांना बाहेरचा रस्ता दाखवते. आईनं बोट बुडवून लिकर चाखली. तोंड वाकडं केलं, परत चाखली आणि म्हणाली, "वाईट नाही गं."

दुपारी बाबा आत आले. म्हणाले, नागपूरचे लोक आहेत, संत्र्याचा रस टाक, त्यांना मान दिल्यासारखं होईल. मी सांगितलं, फाटेल. त्यांना पटलं नाही. मी वाटीत थोडी लिकर घेतली, वर संत्रं पिळलं. बघता बघता गुठळ्या झाल्या. बाबांनी वाटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग एवढे वर्ष तिथं काय शिकली तू?"

मी वाटी मोरीत ओतली. सीताफळाचं करते म्हणाले. ते जाता जाता बोलले, की ट्रे निखिल घेऊन येईल, तू हॉलमध्ये येऊ नको. हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं, जसं कोणी पंखा बंद कर म्हणून सांगतं.

संध्याकाळी पाहुणे आले. केतकी आणि तिची आई आतल्या खोलीत चहा घेत होत्या. हॉलमध्ये केतकीचे वडील, तिचे दोन काका, बाबा आणि निखिल. मी ग्लास भरले, वर जायफळ किसलं, निखिलनं ट्रे नेला. थोड्या वेळानं तो रिकामा ट्रे घेऊन परत आला. आणखी मागताहेत म्हणाला. दुसरी खेप शेक करताना दाराच्या पडद्यामागून मला सगळं ऐकू येत होतं. केतकीच्या वडलांनी विचारलं, हे कुठून आणलं, इतकं चांगलं मी कुठेच प्यायलो नाही. बाबा म्हणाले, सिविल लाइन्सच्या एका हॉटेलातला माणूस बोलावला होता. तो दुपारी बनवून गेला.

तो माणूस.

हातात गार पडलेला शेकर होता. निखिल माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "दीदी, प्लीज, आज के दिन नको ना." मी त्याच्या हातातला ट्रे घेतला नाही. शेकर घेऊनच हॉलमध्ये गेले. केतकीच्या वडलांच्या ग्लासात गाळणीतून ओतलं आणि म्हणाले, "काका, हे मी केलंय. पुण्यात मी हेच काम करते, बारमध्ये. हॉटेलातला कोणी माणूस आला नव्हता."

त्यांनी ग्लासाकडे पाहिलं, मग बाबांकडे. "अच्छा? तुम्ही तर मुलगी बँकेत आहे म्हणाले होते."

म्हणजे हॉटेलसुद्धा पुरलं नव्हतं. मला बँकेत बसवलं होतं. माझी रोजची आठ-दहा तासांची उभी नोकरी, बर्फानं भाजलेली बोटं, आवाज न चढवता दारुड्याला बाहेर काढायची कला, सगळं पुसून तिथं एक बँकेतली मुलगी काढली होती. मला ती कोण, कशी, काहीच माहीत नव्हतं.

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी नव्हतं पाठवलं. ती तिच्या मनानं गेली."

तेव्हा आई आली. पदराला हात पुसत ती माझ्या शेजारी उभी राहिली. बाबांचे पाहुणे बसलेले असताना ती त्या हॉलमध्ये ट्रेशिवाय उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती. ती म्हणाली, "स्टेशनवर मी गेली होती तिला सोडायला. आणि या सीताफळाच्या बिया मी काढल्या."

 मी हे विसरणार नाही, की एकानंही ग्लास खाली ठेवला नाही. सगळ्यांनी शेवटच्या घोटापर्यंत संपवलं. मग केतकीच्या काकांनी जबलपूरच्या रस्त्यांचा विषय काढला.

सोयरीक मोडली नाही. मोडेल, या भीतीनं निखिल रात्रभर जागा होता, असं त्यानं नंतर सांगितलं. सकाळी बाबांनी आईकरवी निरोप दिला, की मी दुपारच्या गाडीनं निघावं. साखरपुडा संध्याकाळी होता. निखिल तिथेच कुर्त्याला इस्त्री करत उभा होता. त्यानं ऐकलं, इस्त्री फिरवत राहिला. मी त्याच्याकडून एका वाक्याची वाट बघितली. नाही आलं. माझ्या सख्ख्या भावाच्या साखरपुड्याचे फोटो मी गाडीत मोबाईलवर पाहिले.

त्यानंतर मी जबलपूरला गेले, पण घरी उतरले नाही. नर्मदेवरच्या ग्वारीघाटाकडे एका लॉजवर खोली घेतली. आई ऑटो करून तिथं आली. आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. समोर नावाडी गिऱ्हाइकांना हाका मारत होते. तिनं घरी चलण्याचा आग्रह केला. मी सांगितलं, बाबा चार लोकांसमोर माझ्या कामाचं नाव घेतील त्या दिवशी येईन.

"ते नाही घेणार," आई म्हणाली.

"मग तू काहून राहतेस त्यांच्याजवळ?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं पदर आवरून घेतला आणि म्हणाली, "तू बोलून गाडीत बसली. मला त्याच टेबलावर त्यांच्यासोबत रोज जेवायचं असते. त्या दिवसापासून ते माझ्याशीबी धड बोलत नाहीत."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझा राग त्यानं कमी झाला नाही, उलट वाढला. पण तो राग आईच्या दिशेनं जायचा, तो थांबला. संध्याकाळ होईपर्यंत आम्ही बसलो. निखिलच्या लग्नाची तयारी, केतकी, गुडघेदुखी, सगळं बोललो. माझ्या बारमधल्या गमतीही तिला सांगितल्या, आणि त्या सांगताना कोणी ऐकेल म्हणून आम्ही दोघींनी आवाज खाली केला नाही. जबलपूरमध्ये असं मी प्रथमच बोलले.

पुण्यात माझी भाड्याची खोली आहे. तिला मी खोलीच म्हणते. जबलपूरच्या त्या पत्त्यावर माझा पलंग अजून आहे, असं आई सांगते. ती दर रविवारी फोन करते. आधी विचारायची, "घरी कधी येतेस?" आता विचारते, "जबलपूरला कधी येतेस?" हा बदल तिनं समजून-उमजून केला आहे, मला ठाऊक आहे. ऐकलं की दरवेळी संताप होतो. आणि दरवेळी मी तिला तारीख सांगते.