पाणी थांबलं

सांगलीच्या नर्सिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला शरीररचनेचं प्रॅक्टिकल होतं. मॅडमनी मटणाच्या दुकानातून बकऱ्याचं हृदय मागवलं, तर निम्म्या वर्गानं नाकाला रुमाल लावला. मला हसू आलं. आम्ही कवठे महांकाळकडचे, मेंढरं राखणारे. असली हृदयं निखाऱ्यावर भाजलेली लहानपणापासून बघितलेली. मला काय नवल दाखवणार?

मग मॅडमनी वरची जाड नळी उघडी धरून तिच्यात पाणी ओतलं. आत झडपेच्या तीन इवल्याशा पाकळ्या फुगल्या, एकमेकींना चिकटल्या आणि पाणी जिथल्या तिथं उभं राहिलं. "रक्त पुढं जातं, मागं येत नाही, ते यांच्यामुळं," मॅडम म्हणाल्या. मी थक्क झाले. जनावर मेलेलं, तरी त्या आपलं काम विसरल्या नव्हत्या. कांद्याच्या पापुद्र्यागत पातळ, आणि जन्मल्यापासून एक दिवस सुट्टी नाही. माझा हात आपोआप छातीवर गेला.

पण घरची आठवणही आली. माझ्या वडिलांची, आबांची, हीच झडप नीट मिटत नव्हती. जरा चढ लागला की मेंढरं पुढं आणि आबा धापा टाकत मागं. सांगलीचे डॉक्टर म्हणाले होते, झडप बदला, लांबवू नका. आबा हटून बसलेले. "छाती फाडून घ्यायला मी काय बकरं हाय व्हय? दूध-अंडी खाल्ली की हुतंय बरं."

पुढं यात्रेला घरी गेले. देवाला दिलेल्या बकऱ्याचं हृदय आमच्यात भाजून कर्त्या माणसाला देतात. तो मान आबांचा. मी ते कच्चंच मागून घेतलं. "शिकून येडी झाली पोरगी," चुलती म्हणाली. मी ते धुतलं, आबांसमोर बसले आणि नळीत तांब्यानं पाणी ओतलं. थांबलं.

आबा वाकले. उभा जन्म मेंढरं-बकरी राखण्यात आणि कापण्यात गेला, पण हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. "परत वत," म्हणाले. ओतलं. परत थांबलं. मग मी झडपेच्या पाकळ्यांत काडी अडकवली, तसं पाणी खाली निघून गेलं.

"आबा, तुमची अशी हाय. अंडी खाऊन ती कशी मिटंल?"

काडी आबांनी स्वतः काढली, माझ्या हातातला तांब्या घेतला आणि हळू पाणी सोडलं. कितीतरी वेळ त्या थांबलेल्या पाण्याकडं बघत राहिले.

"नवी घातली की असंच थांबतंय न्हवं?"

"थांबतंय."

त्यांनी हृदय भाजायला चुलतीकडं दिलं. "निम्मं पोरीला दे," म्हणाले. मग माझ्याकडं न बघताच, "सांगलीला जायचं तर आधी मेंढरं कुणाकडं ठेवायची त्ये बघाय पायजे."

मी हात धुवायच्या निमित्तानं उठले, नाहीतर सगळ्यांदेखत रडले असते.