रडका आवाज

खुलताबादचा भद्रा मारुती झोपलेला आहे. आमची ही म्हणाली, एका शनिवारी जाऊन त्याच्या कानावर घाला. मी मनात म्हटलं, जागे देव ऐकंनात, तिथं झोपलेला काय ऐकणार? त्यात माझं गाऱ्हाणंच आवाजाचं. सांगणार कशानं?

वर्षभर असं चाललं होतं की बोलायला तोंड उघडलं, की गळा कुणीतरी मुठीत धरल्यासारखा आवळायचा. शब्द तुटत, कापत बाहेर पडायचे आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, हा माणूस रडतोय. आमच्या करमाडात कुणाच्या मयतीला गेलो की लोक म्हणायचे, माणूस लई मायाळू. पण लेकीच्या सोयरिकीच्या बैठकीत घात झाला. फुलंब्रीची चांगली माणसं, पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत. आता बापानं बोलावं म्हणून सगळे गप्प बसले. मी म्हणालो, "आमचा होकार आहे," आणि ते असं काही निघालं की मुलाच्या वडिलांनी पोह्याची बशी खाली ठेवली. "पाव्हणे, मनात नसंल तर राहू द्या. बळंच सोयरीक आम्हाला नगं." मी समजवायला गेलो तर आणखीच रडका झालो. ते उठून गेले. त्या दिवसापासून लेक माझ्यासोबत जेवायला बसेना. ते मला फार लागलं.

मग शहरातले दवाखाने सुरू झाले. एकानं घशात दुर्बीण घालून सांगितलं, आत सगळं छान आहे. दुसऱ्यानं पित्ताच्या गोळ्या दिल्या. तिसरा म्हणाला, टेन्शन घेऊ नका. हळदीचं दूध पिऊन पिऊन मी पिवळा पडायचा तेवढा बाकी होतो.

शेवटी गेलो खुलताबादला. रांगेत पुढच्याला म्हणालो, "दादा, जरा सरका," तर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, पाणी पाजलं आणि "मारुती सगळं नीट करील" म्हणत मला आपल्या पुढं घेतलं. आरती सुरू झाली तसा मी सगळं विसरून गायला लागलो. गाताना माझा आवाज कधीच अडत नसे. पण हे मी एकाही डॉक्टरला सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, देवाचं नाव आहे म्हणून निघतंय, त्यात डॉक्टरला काय सांगायचं?

आरती संपल्यावर मागच्या बाईंनी विचारलं, "काका, मघाशी बोलले तेही तुम्हीच ना?" त्या शहरात वाचाउपचार करायच्या, सासूबाईंना दर्शनाला घेऊन आल्या होत्या. "बरं, तुमचं गाव सांगा. आता तेच गाऊन सांगा." मी देवासमोर उभा राहून 'माझं गाव करमाड' आरतीच्या चालीवर म्हणू लागलो. लोकांना वाटलं, अंगात आलं. एका आजीनं माझ्या पायाशी नारळ ठेवून विचारलं, नातवाला नोकरी कधी लागंल?

बाई म्हणाल्या, गळा चांगला आहे, पण मेंदूकडून त्याला जाणारे हुकूम चुकत असावेत. नक्की काय ते मेंदूचे आणि आवाजाचे डॉक्टर मिळून ठरवतील. कुणाकडं जायचं तेही त्यांनी सांगितलं. निदान तेच निघालं. पुण्याला गळ्यात स्नायू सैल करणाऱ्या औषधाची बारीक सुई टोचली. आधी काही दिवस नुसती कुजबुज; आमच्या हिला ते दिवस फार आवडले. मग आवाज मोकळा झाला. आजार कायमचा जात नाही, काही महिन्यांनी सुई पुन्हा घ्यावी लागते.

मी थेट फुलंब्री गाठली आणि सगळं समजावून सांगितलं. पुन्हा बैठक बसली. या खेपेला "होकार आहे" असं खणखणीत म्हणालो. त्या दिवशी लेक माझ्या ताटाशेजारी ताट घेऊन बसली.

लग्नात पाठवणीच्या वेळी ती गळ्यात पडून म्हणाली, "बाबा, वेळेवर जेवत जा." मला हुंदका आवरेना. तर आमचे व्याही लगबगीनं पुढं झाले आणि वऱ्हाडाला सांगू लागले, "घाबरू नका, रडत नाहीत ते. सुई उतरली त्यांची."

मी मान डोलावली आणि पोटभर रडून घेतलं. मारुतीकडं गाऱ्हाणं घेऊन गेलो होतो, ते सांगायचं राहूनच गेलं. त्यानं ते न सांगताच ऐकलं. आता दर सुईच्या आधी खुलताबादला जातो. मागत काही नाही. आरती म्हणतो आणि घरी येतो.