केकपॉपच्या आत गुलाबी होतं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, बायकोला न सांगितलेलं प्रत्येकाकडे काहीतरी असतंच. पण माझं तसं नाही हो. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मी न विचारता सांगणारा माणूस आहे — आणि जे घडलंच नाही ते तर जास्तच रंगवून सांगणारा. थेम्सच्या काठावर मला मगर दिसली होती, हे इथे मेडनहेडमध्ये कुणालाही विचारा. विंडसरच्या राजवाड्यातल्या आचाऱ्याला मी पुरण वाटायला शिकवलं, हेही विचारा. सगळे हसतील आणि म्हणतील, "मक्याची आणखी एक थाप." इतकं माझं नाव आहे. तर असा माणूस एक गोष्ट चार-पाच वर्षं गप्प बसून सांभाळतो, म्हणजे ती किती जड असेल?

सांगतो. थांबा. आधी केकपॉपचं सांगतो, म्हणजे हळूहळू तिथे पोचता येईल.

केदार माझा ऑफिसमधला मित्र. मूळ नागपूरचा. त्याची बायको मृणाल. तिला दिवस गेले तेव्हा दोघांनी ठरवलं की डोहाळजेवण आणि जेंडर रिव्हील एकाच दिवशी उरकायचं. दोनदा हॉल बुक करायला नको. आपल्याकडे वाटीखाली पेढा की बर्फी झाकून ठेवतात ना, तसंच, फक्त पेढ्याच्या जागी केकपॉप. बाहेरून सगळे पांढरे. आत गुलाबी असेल तर मुलगी, निळा असेल तर मुलगा. सगळ्यांनी एकदम चावायचं आणि एकदम ओरडायचं.

हे करणार कोण? मी बोलून बसलो होतो की लॉकडाऊनमध्ये मी इतके केकपॉप बनवले की कौन्सिलची माणसं वास घेत दारापर्यंत आली होती. खरं सांगायचं तर तोपर्यंत मी केकपॉप फक्त कॉफीच्या दुकानातल्या काचेमागे पाहिला होता. पण केदारने मला निवडलं ते केकसाठी नाहीच. तो म्हणाला, "मुलगा की मुलगी हे बनवणाऱ्याला आधी कळणार. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते फुटेल. तू फोडलंस तरी कोण विश्वास ठेवणार?"

पटलं. मी थोडा दुखावलो, पण पटलं.

मग त्यांच्या स्कॅनला मी ड्रायव्हर म्हणून गेलो. प्रायव्हेट क्लिनिक होतं. शेवटी त्या दोघांना बाहेर बसवून तिथल्या बाईंनी मला आत बोलावलं आणि सांगितलं, मुलगी. काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी मी गाडी मोटरवेवरून नाही, मोटरवेच्या चार फूट वरून चालवली. मागे ते दोघं माझा चेहरा वाचायला बघत होते आणि मी चेहरा असा ठेवला होता जसा पासपोर्टच्या फोटोत ठेवतात. मृणाल मागून म्हणाली, "मकरंद, तू जर हे कुणाला सांगितलंस ना, तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही." ती चेष्टेत बोलत नव्हती. नागपूरची असो वा पुण्याची, सहाव्या महिन्यातली बाई जन्माचं बोलते तेव्हा ते लक्षात ठेवावं.

आता काकू.

केदारची आई बाळंतपणासाठी आली होती. केदार आणि मृणाल ऑफिसला गेले की त्या घरात एकट्या. खिडकीतून बघायच्या, तर रस्त्यावर माणूस नाही. "बाप्पा, हे काय गाव आहे का? कर्फ्यू लागल्यासारखं वाटून राहिलं," असं म्हणत एक दिवस त्या चालत आमच्याकडे आल्या. मी घरूनच काम करत होतो, म्हणजे एका हाताने मीटिंग आणि दुसऱ्या हाताने केकपॉपची तालीम.

केकपॉप म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी चांगला केक भाजायचा. मग त्या चांगल्या केकचा चुरा करायचा. त्यात बटरक्रीम कालवून लाडू वळायचे, प्रत्येक लाडवात काडी खुपसायची आणि वितळलेल्या चॉकलेटात बुडवून काढायचा. हे बनवणारा पहिला माणूस नक्की एखाद्या फसलेल्या केकचा बाप असणार. मी हात सैल सोडून बटरक्रीम घातलं होतं. परिणाम असा की चॉकलेटात बुडवून काडी उभी केली की लाडू काडीवरून सावकाश खाली घसरत यायचा, जसा काही फायर ब्रिगेडचा जवान. एक तर पातेल्यात बुडाला तो वर आलाच नाही.

काकूंनी पाहिलं. पदर खोचला. "फार ओलं करून राहिलास रे तू. मूठ वळली पाहिजे, बोटाला चिकटलं नाही पाहिजे. बेसनाचे केले नाहीस का कधी?" मग म्हणाल्या, "काडीला आधी चॉकलेट लाव, मग खुपस, मग फ्रिजमध्ये ठेव. विटेला सिमेंट नाही लावत?" त्यांनी जन्मात केकपॉप पाहिला नव्हता! आणि त्यांनी वळलेले ते गोळे — साध्या पिवळ्या केकचे, रंगाची बॅच मी नंतर एकट्यानेच करणार होतो — असे उभे राहिले काडीवर की बकिंगहॅमच्या पहारेकऱ्यांनी लाजावं.

रोज यायला लागल्या त्या. मी बोलायचो, त्या वळायच्या. मी मगरीची गोष्ट सांगितली. त्या हात थांबवून म्हणाल्या, "अगं बाई, मग? कुणाला चावली तर नाही?" आचाऱ्याचं सांगितलं तर म्हणाल्या, "हुशार आहेस तू, शिकवणारच." लक्षात येतंय का तुमच्या? अख्ख्या बर्कशायरमध्ये माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं. तुम्हाला ठाऊक नाही, वर्षानुवर्षं कुणीच खरं न मानलेल्या माणसाला ते किती गोड लागतं. मी तेव्हा चेकाळलो होतो. आठवडाभरात मी त्यांना ऑलिंपिकची मशालसुद्धा हातात घेऊन पळालो होतो असं सांगितलं.

आणि मग एका दुपारी काकूंनी उठून स्वयंपाकघराची खिडकी लावली.

हळू आवाजात म्हणाल्या, "मकरंदा, मला सांगशील का? काय आहे ते?" आणि लगेच, "इथे विचारलं तर चालतं ना? आमच्याकडे गुन्हा आहे. पोलीस येतात." जिथे शेजारी कुत्र्याचा वाढदिवस करतात त्या गल्लीत ही बाई पोलिसांच्या भीतीने कुजबुजत होती. त्यांचे डोळे भरले होते. हात पिठाने — म्हणजे केकच्या चुऱ्याने — माखलेले, तसेच जोडलेले.

मी "सांगत नाही" म्हणू शकलो असतो. ते तर ठरलेलंच होतं. किंवा खरं सांगू शकलो असतो. पण मी काय केलं? त्यांच्याकडे पाहिलं. नऊवारीतली नाही पण तिच्या जवळपासची बाई, कपाळाला मोठं कुंकू, तासभर आधी देवाला साखर ठेवून आलेली. मी मनाशी म्हणालो, हिला नातू हवा असणार. दुसरं काय हवं असणार? आणि ज्या एका माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला त्याचा चेहरा पडताना मला बघायचा नव्हता. पार्टीपर्यंत तरी खूश राहू दे, पुढचं पुढे. मी एकदम दिलदारपणे म्हणालो, "मुलगा आहे, काकू."

त्यांनी जोडलेले हात सोडले. मग म्हणाल्या, "बरं." माझ्या डोक्यावरून हात फिरवला — केसात चुरा राहिला — आणि "सुखरूप होऊ दे, बस" असं पुटपुटत खिडकी उघडून घरी गेल्या. मला वाटलं, आनंदाने जास्त बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. मला वाटलं, आनंदाच्या भरात विसरल्या. माणसाला हवं ते वाटायला किती वेळ लागतो?

पार्टीचा दिवस. हॉलमध्ये मृणाल हिरव्या साडीत, फुलांची वाडी भरलेली. माझे केकपॉप स्टँडवर ताठ उभे. केदारने आकडे मोजले, सगळ्यांनी चावलं, आणि तोंडातोंडातून गुलाबी दिसलं. जो काही आवाज झाला! मी सांगतो, वरून हीथ्रोला उतरणाऱ्या विमानातल्या लोकांनी खिडक्यांना नाकं लावली असतील. मृणाल रडली, केदार नाचला, मी तर स्वतःच बाप झाल्यासारखा मिठ्या मारत सुटलो.

काकूंनी सगळ्यात शेवटी चावला. आतला गुलाबी भाग बराच वेळ बघत राहिल्या. मग जे हसल्या ना — मी अतिशयोक्ती करणारा माणूस, पण त्या हसण्याला मोठं करायला माझ्याकडे काही नाही. आणि तसंच हसता हसता, भरल्या हॉलमध्ये, माझ्याकडे वळून म्हणाल्या,

"अरे मकरंदा, तू तर मुलगा म्हणाला होतास! मी तो परकर उसवून टाकला ना रे!"

झालं असं होतं की काकूंना मुलगीच हवी होती. एक केदार झाला, मग काही झालं नाही. आयुष्यभर घरात मुलगी हवी होती. नागपुराहून निघायच्या आधी त्यांनी स्वतःच्या लग्नातल्या शालूचा एवढासा परकर शिवला होता. कुणाला न सांगता, पिशवीच्या तळाशी लपवून आणला होता. माझ्याकडून घरी गेल्या आणि त्याची शिवण उसवली, तुकडे करून बाळाच्या दुपट्याला किनार लावली. मुलाला परकर काय करायचा?

हे मला नंतर तपशिलाने कळलं. पण त्या क्षणी काय कळलं माहितेय? मृणालची मान. ती सावकाश माझ्याकडे वळत होती. डोळ्यातलं पाणी अजून तसंच, आणि त्यामागून जन्मभर न बोलण्याची तयारी. केदारही बघत होता. सगळा हॉल बघत होता.

आणि मी — किती मऊ आवाजात, ते मला आजही ऐकू येतं — म्हणालो, "मी? मी कधी म्हणालो, काकू?"

त्या म्हणाल्या, "अरे, खिडकी लावून..."

"तुम्हाला स्वप्न पडलं असेल. दमलायत तुम्ही. बसा बरं." आणि मी त्यांना खुर्ची दिली. पाणीही दिलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील, "खोटारड्या!" म्हणतील. म्हणायला हवं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल काहीच आलं नाही. जे आलं ते स्वतःबद्दल आलं. त्या म्हणाल्या, "असेल. असेल बाबा." केदार जवळ जाऊन म्हणाला, "आई, अगं तू हल्ली चष्मासुद्धा विसरतेस." लोक हसले. मी जास्त हसलो.

आता गंमत बघा. गंमतच म्हणायची. मगर, आचारी, मशाल — माझ्या एकाही गोष्टीवर या लोकांनी कधी विश्वास ठेवला नव्हता. ही एकच थाप अशी होती की तिच्यावर सगळ्यांनी, एका आवाजात, लगेच विश्वास ठेवला. कारण समोर सत्तरीची बाई होती. मला माझी कला दाखवायचीच गरज पडली नाही.

पुढे केदारने आईला बदाम सुरू केले. मग फोनवर शब्दकोडी. बाळ झालं, बारसं झालं, काकू नागपूरला परत गेल्या. तिथे त्या स्कूटर चालवायच्या — उन्हाळ्याच्या भर दुपारी तोंडाला स्कार्फ बांधून सीताबर्डीला जाणारी बाई! गेल्या वर्षी त्यांनी ती स्वतःहून विकली. "रस्ता विसरले तर? भरवसा नाही राहिला," असं केदारला म्हणाल्या. रस्ता त्या एकदाही विसरल्या नव्हत्या. केदारने मला हे सांगितलं तेव्हा तो काळजीत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आठवतंय मला, चांगला घट्ट ठेवला. केदार-मृणालची मुलगी सई आता इथल्या शाळेत रिसेप्शनला, म्हणजे आपल्या बालवर्गात, जाते. ती परवा मला तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत सांगत होती, "मक्याकाका, माझा आजी ना सगळं विसरतो."

मी तिला चॉकलेट दिलं.

फोन उचलून खरं सांगायला किती वेळ लागेल? मी हिशोब करत नाही. त्या मात्र फोन करतात. रविवारी, मलाच. केदारला विचारलं तर तो काळजी करतो, म्हणून मला विचारतात. "तुझं बरं लक्षात असतं सगळं," म्हणतात. गेल्या रविवारी म्हणाल्या, "मकरंदा, सईच्या बारशाला मी कुठली साडी नेसले होते रे?"

मला आठवत नव्हतं. अजिबात नाही.

"मोरपिशी, काकू," मी म्हणालो. "बारीक जरीकाठाची."

"हो का?" त्या म्हणाल्या. "मला मेलीला वाटून राहिलं होतं जांभळी. बरं झालं तुला विचारलं."