मुखडा सोडून हिंडणारी गिटार

बाजेवर आसारामची गिटार ठेवलीय हे न बघता मी तिच्यावर बसलो. मान तिची मोडली, खाली माझी गेली. आसाराम आमच्या मिरजगावात दिवसा सायकली दुरुस्त करायचा आणि लग्नसराईत आप्पासाहेबांच्या बँडपार्टीत गिटार वाजवायचा. त्यानं मान स्वतःच सांधली. पण मला चैन पडेना. पुण्याला गेलो तेव्हा रद्दीवाल्याकडून जॅझ शिकवणारं इंग्रजी पुस्तक आणलं, आणि स्वतः संगीतात औरंगजेब असूनही, शाळा सुटली की त्याला ते मराठीत समजावू लागलो. मास्तरकी अंगात मुरली की माणूस कशालाही भीत नाही.

पुस्तकाचं सार असं: कॉर्डमध्ये, म्हणजे एकदम छेडलेल्या सुरांत, एखादा परका सूर पाहुण्यासारखा घुसवावा. मूळ चाल हे नुसतं निमित्त. तिथून निघावं, हवं तिथं हिंडावं, वाटलं तर परत यावं. आसारामला यातलं निघणं आणि हिंडणं फार पटलं. बोटं अशी पळू लागली की आप्पासाहेबांनीच ठरवलं, येत्या लग्नात बँडच्या पुढं राहून वाजवायची मुख्य चाल क्लॅरोनेटऐवजी गिटारवर. जमलं तर कायमची. आसारामला आयुष्यात एवढंच हवं होतं.

लग्न गोरज मुहूर्ताचं, सूर्य मावळताना लागायचं. परण्या, म्हणजे मांडवाकडे जाणारी नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळापासून निघाला. लाउडस्पीकरचा कर्णा बैलगाडीवर, पुढे आसाराम. मुखडा झाला, मंडळी नाचू लागली आणि आसाराम हिंडायला निघाला. नाचणारे एक हात वर धरून तो परतायची वाट बघत राहिले. पुढं सरकावं, तर नवरदेवाची आत्या बायडाबाई घोड्याचा लगाम धरून उभी. चाल अर्धी टाकून नवरदेव हलला तर संसार अर्धा राहतो, असं तिचं म्हणणं. मांडवातून भटजींचे निरोपावर निरोप. सूर्य टेकला. मी पारावरून शाबासकीच्या माना डोलावत होतो. आसारामला वाटलं, मास्तरांना अजून हवंय.

शेवटी आप्पासाहेबांनी वाजवणाऱ्याच्या हातातून क्लॅरोनेट हिसकावून मुखडा फुंकला. बायडाबाईनं लगाम सोडला आणि परण्या पळतच मांडवात शिरला. अक्षता पडल्या त्या बत्त्यांच्या उजेडात.

"बोटं लई ग्वाड हायती तुझी," आप्पासाहेब नंतर म्हणाले, "पर तू गेलास की येतच न्हाईस." मुख्य चाल पुन्हा क्लॅरोनेटकडे गेली.

आसाराम गिटार पुसत बसला. मी समजूत घातली, "अरे, अमेरिकेत हेच वाजवलं असतंस तर लोकांनी डोक्यावर घेतलं असतं."

"तिथं गोरज मुहूर्त असतोय का, मास्तर?"