दीपमाळेपर्यंत

सोनागिरीतल्या मंजूषा पांढरीपांडेला एका गेमबद्दल एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि नेमकी तेवढी सोडून लोक बाकी सगळं सांगत होते. ग्राफिक्स कसलं भारी, तलवार हाताला कशी जड लागते, शेवटचा राक्षस कसा रडवतो! अरे बाबांनो, खेळ मधेच थांबवता येतो का, ते सांगा ना. ते कुणी सांगेना.

हसू नका. चव्वेचाळीस वर्षांची, सरकारी कचेरीत बिलं तपासणारी बाई घरी येऊन तलवारी फिरवते, यात हसण्यासारखं काही नाही. लेक श्रुती शिकायला इंदूरला गेली, तिचा जुना लॅपटॉप आणि कंट्रोलर मागे राहिला. मंजूषाने धूळ पुसायला म्हणून तो कंट्रोलर हातात घेतला, तो घेतलाच.

घरात सासूबाई, विजयाबाई. दीड वर्षापूर्वी बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण पुन्हा काही उभ्या राहिल्या नाहीत. दिवसा त्यांच्यापाशी कामाला ठेवलेली पिंकी असते. संध्याकाळी मंजूषा दारात दिसली की पिंकी चप्पल पायात सरकवते, आणि तिथून सकाळपर्यंत सगळं मंजूषावर. काही हवं झालं की सासूबाई स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवतात. टिंग टिंग, पाणी. टिंग टिंग, उशी. टिंग टिंग टिंग म्हणजे बेडपॅन. आणि बेडपॅनला मुलगा चालत नाही. मंजूषाचा नवरा उदय बिचारा दारातून म्हणायचा, "आई, मी देतो ना."

"तू हो बाहेर! मुलाच्या हातून ते नको. मंजू!"

झालं, मंजू उठायची.

म्हणून तिला थांबणारे खेळ लागत. बटण दाबलं की राक्षस हात वर करून उभा, ती पॅन देऊन, धुऊन, हात पुसून येईपर्यंत तस्साच. पण हा नवा 'काजळवाट' तिच्या मनात भरला होता. पुण्याच्या दोन पोरांनी मिळून केलेला. काळोखातला डोंगर, एका हातात मशाल, दुसऱ्यात तलवार आणि वाटेत विझलेल्या दीपमाळा. त्यातली एक उजळताना तिने व्हिडिओत पाहिली आणि तिचा जीव तिथेच अडकला. शेवटी तिने त्या पोरांनाच लिहून विचारलं. उत्तर आलं, "ताई, पॉज नाही. मुद्दामच ठेवला नाही, धोका वाटायला हवा ना! दीपमाळेशी पोचलात की कुणी मारत नाही, हवं तेवढं बसा. दोन दीपमाळांत साधारण वीस मिनिटांची वाट आहे."

वीस मिनिटं! मेल्यांनो, दीड वर्षात सलग वीस मिनिटं मी आंघोळसुद्धा केली नाही! किमतीचं काही नव्हतं, दोघांनी बाहेर डोसा खाल्ला तर तेवढे जातात. पण ही वीस मिनिटं आणायची कुठून? राग असा आला की तिने कुकरचं झाकण ओट्यावर आपटलं.

"भांड्यांवर का ग राग?" वेणी घालून घेताना सासूबाईंनी विचारलं. मंजूषाने सगळं सांगून टाकलं, पोरं, डोंगर, दीपमाळा, सगळं.

"म्हणजे मधे उठलं की मेलं?"

"मेलं."

"मग घे की. वीस मिनिटांत मी काय मरते? उदय बसेल इथे."

शनिवारी तिने खेळ घेतला. आवडला नाही तर दोन तासांच्या आत परत करता येतो, ही सोय होतीच. उदय आईजवळ खुर्चीत बसला, मंजूषाने दार लोटलं. पहिल्या वळणावर लांडगे आले, तिने लोळण घेऊन चुकवले. पुलावर एका धिप्पाडाने तिला जवळजवळ संपवलंच होतं. हात चालत होते, कान मात्र पेल्याकडे. पेला वाजला नाही. आणि मग दीपमाळ आली, एकेक दिवा लागत वर गेला, आणि मंजूषा एकटीच मोठ्याने हसली. किती दिवसांनी इतकं बरं वाटलं होतं तिला! सांगायला म्हणून ती धावतच आत गेली.

"बघ, आईने काही मागितलंच नाही," उदय म्हणाला. "तूच उगाच टेन्शन घेतेस."

मंजूषाला दारातच वास आला. सासूबाईंनी चादर गळ्यापर्यंत ओढली होती. पेला स्टुलावर होता, चमचा दिसत नव्हता.

"तुम्ही जरा दूध घेऊन या," ती नवऱ्याला म्हणाली. तो गेल्यावर तिने चादर काढली. ओली, थेट गादीपर्यंत. चमचा उशीखाली निघाला.

"वाजवायचं नाही का हो, आई!" तिला रडूच फुटलं.

"पोचलीस का ग दीपमाळेशी?"

"पोचले."

"मग झालं तर." म्हातारीने तोंड भिंतीकडे केलं. "वाटलं होतं धरेन. नाही धरवलं."

"आत्ताच परत करते तो मेला खेळ."

"खबरदार! परत केलास तर माझं हे सगळं फुकट गेलं. उद्यापासून मला आधी बसव, मग खेळ."

गादी उन्हात टाकायला ऊन राहिलं नव्हतं. मंजूषाने ती पुसून पंख्याखाली उभी केली, सासूबाईंना श्रुतीच्या पलंगावर निजवलं. मग लॅपटॉप उघडून खेळ परत केला. त्यांना मात्र सांगितलं, "आई, त्या पोरांनी पॉज घातला बरं का. आता हवं तेव्हा वाजवा."

तेव्हापासून रोज संध्याकाळी सासूबाई तिला हाकलतात, "जा ग, खेळ जा." मंजूषा आत जाते, दार लोटते आणि बंद लॅपटॉपसमोर कंट्रोलर मांडीवर घेऊन बसते. दुसरा कुठला खेळ लावावा इतकंही मन होत नाही. मधूनच उगाच बटणं दाबते, बाहेर आवाज जायला हवा. टिंग टिंग टिंग झालं की उठते.

"थांबवलास ना नीट?" पॅनवर बसता बसता सासूबाई विचारतात.

"थांबवला."

"कितवी ग आज?"

"सातवी," मंजूषा म्हणते आणि त्यांच्या पाठीला हात देते.