देवाच्या खोलीतला वायफाय

बाबा गेले त्याच्या नवव्या दिवशी दुपारी नार्व्याच्या आमच्या घरी नवा लॅपटॉप आला. लंडनला असलेल्या माझ्या धाकट्या भावाने तो ऑनलाइन मागवून पाठवला होता. त्याचे तिथले कागद अर्धवट आहेत. बाहेर पडला तर परत आत घेतील याची खात्री नाही, म्हणून तो आला नव्हता. बाबांना अग्नी दिला तेव्हा कोणीतरी फोन धरून त्याला दाखवत होतं, पण धरणाऱ्याने तो इतका वर धरला होता की त्याला शेवटपर्यंत माडांचे शेंडे तेवढे दिसले. तेव्हापासून तो फोनवर एकच सांगत होता. दहाव्याचा पिंड तरी मला नीट बघू द्या, मोठ्या पडद्यावर, काहीही करून.

काहीही करून म्हणजे मी करून. दादा कार्याला बसणार, आई कोपऱ्यात. मी सासरी केरीला शाळेत शिकवते, आणि शिक्षिकेला कॉम्प्युटर येतो असं माहेरी सगळे धरून चालतात. आमच्या शाळेतला कॉम्प्युटर कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली हेडमास्तरांकडे असते, हे मी आजवर माहेरी सांगितलेलं नाही.

सुतकात नवी वस्तू घरात घेऊ नये, म्हणून खोका बाहेर सोप्यावरच राहिला. आई आतूनच म्हणाली, "तू उघड. तुका चलता."

हे "तुका चलता" मी चौथ्या दिवसापासून ऐकत होते. लग्न झालेल्या मुलीला आईबापाचं सुतक तीन दिवस. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायली की ती सुटली. तिचं गोत्र दुसरं, घर दुसरं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. आजोबा गेले तेव्हा आत्याला असंच मोकळं झालेलं मी पाहिलं होतं आणि तेव्हा काही वाटलं नव्हतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात ते खोटं नाही. चौथ्या दिवशी सकाळी आईने मला देवाच्या खोलीत दिवा लावायला सांगितलं, कारण सुतकात ती खोली घरच्यांना बंद असते. मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात. दिवा लावायला गुडघे कशाला लागतात, असं आईने विचारलं नाही. तिने शेजारच्या काकीला सांगितलं. मी आपली घरच्यांसारखीच चटईवर निजत राहिले, फोडणीशिवायचं जेवत राहिले. मला राग येत होता, पण तो कोणावर काढायचा तेच समजत नव्हतं.

तर लॅपटॉप. त्याने भाषा विचारली, मी सांगितली. देश विचारला, तोही सांगितला. मग नेटवर्कशी जोडा म्हणाला आणि तिथेच बसकण मारली. पुढे जायचं बटण फिकट होतं, कितीही दाबलं तरी ढिम्म. नेटवर्कांच्या यादीत आमचं सगळ्यात वर होतं, पूर्ण रेघांचं. त्यावर गेले तर पासवर्ड मागितला.

दादाला विचारलं तर म्हणाला, "माका खंय ठावक? मोबायलात तो आपोआप लागता."

मोबाइलमधून पासवर्ड बघता येतो म्हणे. कुठून, ते आम्हा दोघांना मिळून सापडलं नाही. बाबांची जन्मतारीख घालून पाहिली, आईचं नाव, कुळदेवाचं नाव. लॅपटॉप दर वेळी तितक्याच सभ्यपणे नाही म्हणत होता. फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देता येतं, असं धाकट्याने तिकडून सुचवलं. आमच्याकडे फोनला रेघ येते ती घरामागच्या परड्यातल्या फणसाखाली, तीही एकच. लॅपटॉप तान्ह्या मुलासारखा कडेवर घेऊन मी अर्धा तास फणसाखाली उभी राहिले. एकदाचा तो जोडला गेला आणि म्हणाला, आता मी काही गोष्टी उतरवून घेतो, थोडा वेळ लागेल. त्या थोड्या वेळात रेघ गेली आणि पहिल्यापासून सुरुवात. मला तो फणसावर आपटावासा वाटला.

ऊन उतरल्यावर दादाला आठवलं की पासवर्ड राउटरच्या पाठीवर चिकटवलेला असतो. आणि राउटर होता देवाच्या खोलीत.

ते बाबांचं काम. वायर ओढायला माणूस आला तेव्हा बाबांनी त्याला सगळं घर फिरवलं आणि शेवटी देवाच्या खोलीच्या जनेलापाशी, खिडकीजवळ, उभं केलं. तिथे गळत नाही, मुलं हात लावत नाहीत, आणि महागाची वस्तू देवाजवळ ठेवली की देव राखतो. त्यावर वाद घालायची सोय नव्हती. तेव्हापासून समईच्या बाजूला ते हिरवे दिवे लुकलुकायचे आणि आम्ही हसायचो.

आता दादा त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर हात मागे बांधून उभा. काकी सकाळचा दिवा लावून लेकीकडे गेली होती, आणि असती तरी इंग्रजी अक्षरं तिला वाचता येत नाहीत. तेवढ्यात उद्याचं सामान सांगायला भटजी आले. "काय अडलां?" म्हणून त्यांनी विचारलं आणि ऐकून घेऊन म्हणाले, "मग केरीची आसा न्हय? तिका धाडा."

आमच्याकडे लेक दिली की ती त्या गावची होते. बावीस वर्षं मला केरीची म्हणतात आणि बावीस वर्षं मी निमूट ओ देते. त्या दिवशी मात्र ते बोचलं. आत पाऊल टाकलं की सगळ्यांच्या देखत कबूल केल्यासारखं होणार होतं की बाबा माझे कोणी उरले नाहीत. मी जागची हलले नाही.

"तो थंय रडता," आई म्हणाली. "जा गे बाय."

धाकट्यापुढे माझं काही चालत नाही. मी न्हाऊन आले आणि आत गेले.

खोलीत तेलाचा आणि कोंडलेल्या हवेचा वास होता. राउटर उचलून उलटा केला तर पाठीवरच्या चिठ्ठीवर कुंकू. दसऱ्याला स्कूटर आणि कोयत्याबरोबर बाबा याचीही पूजा करत असणार, आणि पुढचे दिवे झाकू नयेत म्हणून बोट मागे लावलेलं. अर्धी अक्षरं त्या तेलकट लालीखाली होती. पदराचं टोक ओलं करून मी पुसायला लागले. थोडं पुसल्यावर ध्यानात आलं की हे बाबांचं बोट आहे, आणि माझा हात थांबला.

"मेळलो?" दादाने बाहेरून विचारलं.

मी उरलेलं पुसलं. एकेक अक्षर मोठ्याने सांगत गेले, दादा बाहेर लिहून घेत गेला. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा लागलं.

दहाव्याचं कार्य परसात, विहिरीजवळ झालं. देवाच्या खोलीचं जनेल उघडं ठेवल्यामुळे वायफाय तिथवर पोचत होता. लंडनला अजून उजाडायचं होतं, पण धाकटा न्हाऊन पांढरा सदरा घालून बसला होता. मी लॅपटॉप दोन्ही हातांवर पेलून उभी होते, कधी पिंडाकडे वळवत, कधी दादाकडे. चित्र लख्ख दिसत होतं. पिंड दिसतोय, तीळसुद्धा दिसतायत, असं तो म्हणाला आणि पडद्याच्या आणखी जवळ सरकला.

"घरच्यांनी पाणी घाला," भटजी म्हणाले. दादाने घातलं, आईने घातलं, दादाच्या मुलांनी घातलं. भटजी पडद्याकडे वाकले. "तूंय घाल थंय." धाकट्याने पेला आणून बशीत पाणी सोडलं, आणि भटजींनी त्याच्यासाठी मंत्र पुन्हा पहिल्यापासून म्हटला. मला बरं वाटलं, खरंच वाटलं.

मग त्याने विचारलं, "ताये, तू घातलंस पाणी?"

"हात रिकामे नाय रे," मी म्हटलं. "तुका धरलंय मां."

"मग माका खाली ठेव."

मी त्याला धुण्याच्या दगडावर नीट टेकवून ठेवलं. पडदा आमच्याकडे केला आणि वळले. आता माझे दोन्ही हात मोकळे होते. तांब्या दादाजवळ होता. दादाने भटजींकडे पाहिलं, आणि भटजींनी पुढचा मंत्र सुरू केला.